मधला काळ

बाबांचं कपाट आवरताना एक पाकीट हाती लागलं. टपालाने आलेलं जुनं पाकीट सोडवून, उलटं करून, डिंकाने पुन्हा चिकटवलेलं. त्यावर त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात ‘घेवडा, बियाण्यासाठी’ असं लिहिलेलं आणि खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. आत तेवीस बिया होत्या. रंग थोडा उतरला होता, पण एकही किडलेली नव्हती. बियाण्यासाठी म्हणून राखलेलं ते बी पेरायचं मात्र राहून गेलं होतं.

घेवड्याचं बी साध्या खोलीत, साध्या कागदात इतकी वर्षं राहिलं तर त्यातलं फारसं काही उगवत नाही, हे मला ठाऊक होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. तरीही ओल्या टिपकागदाच्या घडीत मी तेवीसच्या तेवीस बिया ओळीने मांडल्या आणि वर झाकण ठेवलं. ताज्या घेवड्याला मोड यायला तीन-चार दिवस पुरतात. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. बिया फुगल्या, सालीवरच्या सुरकुत्या गेल्या, पण पांढरं टोक कुठेच डोकावेना. सहाव्या दिवशी मुलीने विचारलं, “आई, टाकून देऊ का आता?”

मी नको म्हटलं. बाबांचं बी म्हणून जीव अडकला होता, हे खरंच. पण दुसरंही एक कारण होतं. फुगलेली, गप्प पडलेली बी आत काय करत असू शकते, ते मला माहीत होतं. ते तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून त्या रात्री लिहायला बसले.

पेशी विभागते म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा पाहिलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, कांद्याच्या मुळात. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बुडाला पाणी लागेल इतपत. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. ती कापून अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची, म्हणजे पेशी आहे त्या क्षणी थांबते. मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ सैल होतो. मग अॅसिटोकार्माइन या रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकी टकटक आणि शेवटी टिपकागदावरून अंगठ्याचा दाब. अंगठा तसूभर सरकला तरी सगळं फुकट जातं.

माझा अंगठा सरकला नाही. माझं चुकलं ते आधीच. मुळाचं अगदी टोक निसटलं आणि मी त्याच्या वरचा तुकडा काचपट्टीवर घेतला. भिंगाखाली लांबट, रिकाम्या खोल्यांसारख्या पेशी दिसल्या. गुणसूत्रांचा पत्ता नाही. दुसऱ्यांदाही तेच. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “टोकाचा मिलिमीटरभरच घे. वाढायचं काम तिथे चालतं, वरच्या पेशी नुसत्या लांबतात.” तिसऱ्या वेळी तो मिलिमीटर सापडला. दाट, चौकोनी पेशींच्या ओळी, प्रत्येकीत गुलाबी केंद्रक. कुठे गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, कुठे दोन मुठी एकमेकींपासून दूर ओढल्या जाणाऱ्या. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. चारही सापडल्या, चारही मी जर्नलमध्ये काढल्या. या चार अवस्थांबद्दल इथे अधिक लिहीत नाही. त्या सगळ्या पुस्तकांत आहेत आणि सुरेख आहेत.

मला बोलायचं आहे ते उरलेल्या पेशींबद्दल. नजरेच्या टप्प्यात जेवढ्या पेशी होत्या, त्यांतली दहातली जेमतेम एक विभागत होती. बाकीच्यांत एक गोल केंद्रक, त्यात रंगाची बारीक रवाळ पखरण, बस्स. एका जुन्या पुस्तकात त्या अवस्थेचं नाव होतं ‘विश्रांती अवस्था’. मीही जर्नलमध्ये एक चौकोन, त्यात एक गोल काढला आणि खाली ‘विश्रांती’ लिहून पुढे गेले. मुळातल्या दहांतल्या नऊ पेशी विश्रांती घेत असतील तर मूळ वाढतं कसं, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही.

तो प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यापैकी दोघांची कहाणी मी वर्गात दरवर्षी सांगत असे. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क. १९५० च्या आसपास दोघं लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या संशोधन विभागात काम करत होते. त्यांनी फाबा बीनची रोपं घेतली. घेवड्याच्याच शेंगवर्गीय कुळातलं हे झाड. त्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त बारा आणि चांगली ठसठशीत. रोपांच्या मुळांना त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस दिला. डीएनएच्या धाग्याचा कणा साखर आणि फॉस्फेटचा असतो, त्यामुळे नवा डीएनए घडत असेल तर हा फॉस्फरस त्यात विणला जाणार. बाकीची फॉस्फरसयुक्त द्रव्यं धुऊन काढल्यावर दाबलेल्या पेशींवर त्यांनी फोटोच्या फिल्मवर असतो तसला थर पसरला आणि सगळं अंधारात ठेवून दिलं. ज्या केंद्रकात नवा डीएनए होता, त्याच्यावर चांदीचे काळे कण उमटले.

पेशी विभागायला लागते तेव्हाच डीएनए दुप्पट होत असणार, असं तोवर अनेकांना वाटत होतं. काळे कण उमटले ते मात्र त्या ‘विश्रांती’ घेणाऱ्या गोल केंद्रकांवर. तेही सगळ्यांवर नाही, काहींवरच. वेगवेगळ्या वेळी मुळं कापून, कण आणि विभाजन यांचा मेळ घालत त्यांनी पेशीचं वेळापत्रक मांडलं. एक फेरा साधारण ३० तासांचा. त्यातले सुमारे ४ तास विभाजनाचे, ६ तास डीएनए घडवण्याचे. त्या सहा तासांच्या अलीकडे साधारण १२ तास आणि पलीकडे ८ तास, ज्यांत त्यांना काहीच दिसलं नाही. डीएनए घडण्याच्या काळाला सिंथेसिसवरून ‘एस’ हे अक्षर मिळालं. दोन्ही कोऱ्या काळांना गॅपवरून ‘जी’. जी-१ आणि जी-२. गॅप म्हणजे फट, मधलं अंतर. हे काम पूर्णपणे छापून आलं १९५३ साली, डीएनएच्या दुहेरी गोफाची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली त्याच वर्षी. गोफ जगभर पोचला. फाबा बीनच्या मुळातलं वेळापत्रक पाठ्यपुस्तकातलं एक वर्तुळ होऊन बसलं आणि त्या वर्तुळाखाली या दोघांची नावं क्वचितच असतात. याची मला अजूनही रुखरुख वाटते.

‘गॅप’ हे नाव मला फार प्रामाणिक वाटतं. आमच्या साधनाला इथे काही दिसत नाही, एवढंच ते सांगतं. इथे काही घडत नाही, असा त्याचा अर्थ आपण मागाहून लावून घेतला.

आधी त्या सहा तासांकडे येते. डीएनएच्या दोन पदरांवर समोरासमोर बसणाऱ्या रासायनिक घटकांना अक्षरं म्हणू. फाबा बीनच्या जनुकसंचाचा एक संच सुमारे १३०० कोटी अक्षरजोड्यांचा आहे आणि पेशीत असे दोन संच असतात. सगळा धागा सरळ ताणला तर पावणेनऊ मीटरच्या आसपास भरेल. ज्या केंद्रकात तो राहतो, त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे. एवढा धागा गुंता न होता उलगडायचा, त्याचे दोन पदर सोडवायचे, प्रत्येक पदरासमोर नवा पदर विणायचा आणि हे सगळं सहा तासांत. एका टोकाकडून सुरुवात केली तर हे कधीच पुरं होणार नाही. म्हणून नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते. प्रत्येक आरंभस्थानापासून दोन्ही दिशांना गोफ उकलत जातो आणि शेजारच्या ठिकाणाहून आलेल्या भागाला मिळतो. ज्या भागातली जनुकं वापरात असतात तो साधारणपणे आधी, घट्ट गुंडाळलेला भाग उशिरा.

यात एक अडचण आहे आणि ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. गोफाचे दोन पदर उलट दिशांनी धावतात. पण नवा पदर विणणारं विकर, डीएनए पॉलिमरेज, एकाच दिशेने चालू शकतं. एका पदरावर ते सरळ चालत जातं. दुसऱ्यावर गोफ उकलतो एका दिशेला आणि विणायचं असतं उलट्या दिशेला. उलट्या दिशेने चालणारं विकर निसर्गाने घडवलं नाही. थोडा गोफ उकलला की मागे फिरून एक छोटा तुकडा विणायचा, पुन्हा थोडा उकलला की पुन्हा मागे येऊन पुढचा तुकडा. वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशींत हे तुकडे शेदोनशे अक्षरांचे असतात. मग सगळे सांधायचे. हातशिलाईतला मागे टाका घालत पुढे जायचा टाका आठवावा.

या तुकड्यांना नाव आहे रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जोडप्याचं. १९६० च्या दशकात जपानमध्ये त्यांनी ते शोधले. रेइजी हिरोशिमाचे. तिथल्या अणुबॉम्बचे किरण त्यांना लहान वयात लागले होते. १९७५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्सुनेको यांनी काम चालू ठेवलं आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या इवल्याशा चिमटीने होते हे पक्कं केलं. किरणोत्सार डीएनए तोडतो. डीएनए कसा सांधला जातो हे शोधणारा माणूस त्यानेच गेला. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझा आवाज थोडा अडखळायचा आणि मुलंही गप्प होत.

नक्कल किती बिनचूक? पॉलिमरेज लाखभर अक्षरांमागे एखादं चुकीचं बसवतं. बसवल्यावर मागे वळून पाहतं आणि चूक दिसली तर काढून टाकतं. त्यातूनही निसटलेल्या चुका दुरुस्त करणारी वेगळी यंत्रणा मागून येते. शेवटी उरते ती शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक किंवा त्याहूनही कमी. मोहरीच्या कुळातलं अॅरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं लाडकं रोप. त्याच्या अनेक पिढ्यांचा डीएनए वाचून २०१० साली हिशेब लावला गेला. एका संचात सुमारे साडेतेरा कोटी अक्षरं, आणि बीपासून बीपर्यंतच्या अख्ख्या पिढीत दर संचामागे बदल साधारण एक. मधे कितीतरी पेशीविभाजनं झाली, पानं आली, फुलं आली, आणि बदललं जेमतेम एक अक्षर.

नक्कल झाल्यावर जुना गोफ एकीकडे आणि कोरा करकरीत गोफ दुसरीकडे असं होत नाही. प्रत्येक नव्या गोफात एक पदर जुना आणि एक नवा असतो. हे दाखवलं मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंत, असं आपण शिकतो. ते खरंच. पण त्याच्या आदल्याच वर्षी हर्बर्ट टेलर, फिलिप वुड्स आणि वॉल्टर ह्यूज यांनी अख्ख्या गुणसूत्राच्या पातळीवर तेच चित्र पाहिलं होतं, आणि पाहिलं ते पुन्हा त्या फाबा बीनच्याच मुळात. थायमिडीन ही डीएनएची विटेसारखी कच्ची सामग्री. तिला त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजनने खूण केली होती. पहिल्या फेऱ्यात गुणसूत्राच्या दोन्ही बाजूंवर काळे कण आले. खूण नसलेल्या सामग्रीवर दुसरा फेरा झाला, तेव्हा एका बाजूवर कण आणि दुसरी स्वच्छ. त्या स्वच्छ-काळ्या जोड्यांची छायाचित्रं मी पाहिली आहेत. अधूनमधून एखाद्या गुणसूत्रात काळा भाग मधेच संपतो आणि समोरच्या बाजूवर सुरू होतो. तिथे दोन्ही बाजूंनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात.

याचा एक अर्थ मनात घर करून राहिला आहे. पेशी कितीही वेळा विभागली तरी जुना पदर नाहीसा होत नाही. त्याचे तुकडे इकडेतिकडे झाले, दुरुस्तीत काही अक्षरं बदलली गेली, तरी झाडातल्या कुठल्या ना कुठल्या पेशीत तो असतो, नव्या पदराला धरून.

आता ते कोरे काळ. जी-१ मध्ये पेशी वाढते, प्रथिनं घडवते, हे सगळ्या पुस्तकांत असतं. मला थक्क करतं ते वेगळंच. गोफ उकलणारं जे विकर आहे, त्याची कडी डीएनएवर चढवली जाते ती जी-१ मध्येच. हजारो आरंभस्थानांवर या कड्या जोडीजोडीने बसवून ठेवलेल्या असतात, बंद अवस्थेत. एस सुरू झाली की त्यांना चालना मिळते आणि त्याच क्षणापासून नव्या कड्या चढवायला सक्त मनाई होते. कडी चालू लागली की ती जागा सोडते आणि त्या फेऱ्यात तिथे दुसरी बसत नाही. म्हणून पावणेनऊ मीटरचा धागा इंच न् इंच एकदा आणि एकदाच नकलला जातो. कुठलाही तुकडा दोनदा नाही, कुठलाही राहून गेला असं नाही. चढवणं आणि चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या काळात ठेवल्या आहेत, एवढ्यावर ही शिस्त उभी आहे. जी-१ नसता तर ती मोडली असती.

आणि नक्कल करायची की नाही, हाही निर्णय इथेच होतो. वनस्पतीच्या पेशीत आरबीआर नावाचं एक प्रथिन एस अवस्थेच्या जनुकांवर हात ठेवून बसलेलं असतं. तो हात उचलायला सायक्लिन-डी (हेही एक प्रथिनच) आणि तिच्या जोडीचं विकर लागतं. सायक्लिन-डी वाढते पेशीला साखर मिळाली, सायटोकायनिन हे संप्रेरक मिळालं की. म्हणजे पानांनी उन्हात केलेलं काम मुळाच्या टोकापर्यंत साखर होऊन पोचलं, तर तिथली पेशी पुढे जाते. नाही पोचलं तर थांबते. प्राणी दुष्काळात स्थलांतर करतो. झाडाला हलता येत नाही. त्याच्या पेशी जी-१ मध्ये थांबतात आणि पुन्हा बरे दिवस आले की तिथूनच सुरुवात करतात.

सायटोकायनिनवरून आठवलं. या कुळातलं पहिलं द्रव्य, कायनेटिन, १९५५ साली सापडलं ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएत. फोल्के स्कूग यांच्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या पेशींना विभागायला लावणारं काहीतरी शोधण्याचं काम चालू होतं. उष्णतेने मोडलेल्या डीएनएतून निघालेल्या द्रव्याने ते केलं. मोडलेल्या डीएनएतून आलेला एक रेणू पेशीला नवा डीएनए घडवायला लावतो, ही गोष्ट मला शिकवताना दरवेळी नव्याने सुंदर वाटायची.

जी-२ बद्दल लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. नक्कल झाली, विभाजन अजून व्हायचं आहे. या काळात वनस्पतीची पेशी एक काम करते ज्याला प्राण्यांत तोड नाही. पेशीच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत, सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो, केंद्रकाभोवती कंबरपट्ट्यासारखा. १९६६ साली पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी गव्हाच्या रोपात तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विभाजनाला तोंड फुटतं तसा हा पट्टा विरून जातो. पुढची सगळी उलथापालथ होते, गुणसूत्रं रांगेत उभी राहतात, दूर जातात. मग दोन केंद्रकांच्या मधोमध छोट्या छोट्या पिशव्या येऊन एकमेकींना मिळू लागतात. त्यांतून नवी भिंत आकार घेते आणि मधून बाहेरच्या दिशेने वाढत जाते. ती जुन्या भिंतीला येऊन भिडते नेमकी त्या रेषेवर, जिथे पट्टा होता. पट्टा केव्हाच गेलेला असतो. तिथे काही प्रथिनं मागे राहतात आणि भिंतीला वाट दाखवतात.

प्राण्याची पेशी मधे आवळली जाऊन तुटते आणि वाटलं तर सरकून दुसरीकडे जाते. झाडाची पेशी शेजारणीला भिंतीने चिकटलेली असते; जन्मली तिथेच तिला आयुष्य काढायचं असतं. त्यामुळे भिंत कुठे आणि कोणत्या दिशेने पडणार, यावर मूळ सरळ जाणार की जाड होणार हे पुष्कळसं ठरतं. हा आराखडा पडतो जी-२ मध्ये. ज्या आठ तासांत हॉवर्ड आणि पेल्क यांच्या फिल्मवर एकही नवा कण उमटत नव्हता, त्याच तासांत.

सगळ्याच पेशी हा फेरा पुरा करतात असंही नाही. अॅरॅबिडॉप्सिसच्या पानावरचा केस ही एकच पेशी असते. तिचा डीएनए दुपटीवर दुपटी होत मूळ संचाच्या ३२ पटींपर्यंत जातो, पण ती विभागत नाही, नुसती मोठी होते. मुळाच्या टोकात, अगदी आत, काही पेशी इतक्या सावकाश चालतात की फ्रेडरिक क्लोज यांनी १९५० च्या दशकात तो भाग वेगळा ओळखला आणि त्याचं नाव पडलं ‘शांत केंद्र’. मक्याच्या मुळात शेजारच्या पेशी दिवसभरात फेरा उरकत असताना या पेशींना आठवडा लागतो. मुळाला इजा झाली, विशेषतः किरणांचा मारा झाला, की भराभर विभागणाऱ्या पेशी मरतात आणि या सावकाश पेशी जाग्या होऊन टोक पुन्हा बांधतात. फार नकला न केल्यामुळे त्यांच्याकडे शाबूत प्रत असते.

आता माझ्या टिपकागदाकडे.

बी सुकताना बहुतेक पेशी जी-१ मध्ये थांबतात. नक्कल न केलेला डीएनए घट्ट गुंडाळून, पाणी बाहेर घालवून. बी मेलेली नसते, पण दुरुस्तीही करू शकत नाही, कारण दुरुस्तीला पाणी लागतं. वर्षं जातात तसे धाग्यात तडे पडतात. अक्षरं गळतात, पदर तुटतात, कधी दोन्ही पदर. ऑक्सिजन आणि हवेतली ओल आपलं काम करत राहतात. हे सगळं साचत जातं. मग एक दिवस पाणी मिळतं. बी फुगते. आणि आत पहिलं काम सुरू होतं ते दुरुस्तीचं. नक्कल त्यानंतर. कारण तुटका धागा नकलायला घेतला तर नक्कलही तुटकी होते, आणि तीच पुढे प्रत्येक पेशीत जाते.

हे थांबणं आपोआप होत नाही. एटीएम नावाचं एक प्रथिन डीएनएतले तुटलेले सांधे हेरतं आणि दुरुस्ती होईतो पुढचं काम रोखून धरतं. अॅरॅबिडॉप्सिसच्या ज्या वाणात हे प्रथिन नाही, त्याच्या जुन्या बिया उगवायला फारसा उशीर लावत नाहीत. भरकन मोड येतो. पण त्या मुळाच्या टोकात पाहिलं तर मोडकी गुणसूत्रं दिसतात. ज्यांच्यात एटीएम आहे, त्या जुन्या बिया उशिरा उगवतात.

म्हणून मी मुलीला नको म्हणाले. अकरा वर्षांची मोडतोड चार दिवसांत आवरली नसेल. कदाचित काही बियांत ती आवरण्यापलीकडे गेली असेल, तेही मला माहीत होतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा नववा दिवस होता. सकाळी झाकण उचललं तर ओळीतल्या सातव्या बीच्या डोळ्याशेजारी साल फाटली होती आणि आतून पांढरं काहीतरी टेकल्यासारखं दिसत होतं. भिंग आणलं. मूळच होतं. पहिलं टोक बाहेर येतं ते मुख्यतः पेशी लांबून; विभाजन पुष्कळदा त्यानंतर जोर धरतं. म्हणजे मी भिंगातून पाहत होते तेव्हा त्या टोकाच्या मिलिमीटरमध्ये पहिली नक्कल नुकती कुठे चालू झाली असेल, किंवा कड्या चढवून होऊन पेशी अजून थांबल्या असतील. ब्लेड आणि अॅसिटोकार्माइनची बाटली आजही माझ्या खणात असते. मी खण उघडला नाही.

मुलगी शेजारी येऊन वाकली. “आली?” म्हणाली. मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

पुढच्या चार दिवसांत आणखी तिघींना मोड आले. त्यातल्या एकीचं मूळ वेडंवाकडं आहे. चौघींना कुंडीत लावलं. दोन बिया मऊ पडल्या, त्या काढून टाकल्या. उरलेल्या सतरा टिपकागदातच आहेत. मुलगी रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडते, आणि पाकिटावर बाबांच्या तारखेखाली तिने आजची तारीख लिहिली आहे.